सेनापतीचा आवाज

४ फेब्रुवारी
आज दिवसभर मेले! पोटात तलवार, मानेत बाण, कड्यावरून खाली. या व्हिडिओ गेममध्ये बायकांना एवढंच काम — किंचाळायचं आणि पडायचं. आवाज माझा. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणतो, "ताई, मरताना जरा गोड." गोड! मी पाऊण तास सुनावलं. रेकॉर्डिंग करणारी पोर मान खाली घालून हसत होती. शेवटी तो म्हणाला, "भाषण छान झालं, ताई. आता मरता का?"

९ फेब्रुवारी
सेनापतीचं काम करणारा नट आलाच नाही. चित्रवाल्यांना ओठ जुळवायला तात्पुरता आवाज हवा होता. "तुम्ही नुसतं वाचून टाका." वाचून टाका! हरलेल्या सैन्याला पुन्हा उभं करणारं भाषण — मोर्च्यांत, चौकाचौकांत आयुष्यभर मी दुसरं काय केलं? बोलले. रेकॉर्डिंगवाली पोर बटण बंद करायचंच विसरली.

२६ फेब्रुवारी
गेम बाजारात येण्याआधी तो खेळून पाहणाऱ्यांना माझाच आवाज आवडला. तोच ठेवणार! पण पडद्यावर सेनापती पुरुषच, छातीपर्यंत दाढी. म्हटलं, बाईचा आवाज चालतो, मग चेहरा का नाही? चेहरा बदला, नाहीतर माझा आवाज काढा. घरी नवरा म्हणाला, "आता त्यांची काही खैर नाही."

१२ मार्च
जिंकले! नवा चेहरा काढताहेत. बाईचा!!

१५ मार्च
खेळून पाहणाऱ्यांपैकी एकजण आज चहाच्या मशीनपाशी आला. विशीतला. "सेनापती तुम्हीच ना?" आवाज माझ्याहून बारीक. म्हणाला, घरचे मला जन्मापासून मुलगी समजतात, पण मी मुलगा आहे. केस कापले, कपडे बदलले, तरी तोंड उघडलं की लोक हसतात. "फोनवर अजून ताईच म्हणतात. इथे हा दाढीवाला अशा आवाजात बोलला आणि अख्खं सैन्य उठलं. कुणी हसलं नाही, मॅडम. तो बदलणार म्हणे?"

मी समजावलं. बायकांना कसं कायम मरायलाच ठेवलं, चेहरा मिळणं का गरजेचं — सगळं. तो ऐकत होता, अगदी मनापासून. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे." कप ठेवला आणि गेला.

वाद तरी घालायचा!

१६ मार्च
माझं बरोबरच आहे. मग जेवण का गेलं नाही?

१७ मार्च
दिग्दर्शकाला फोन केला. दाढी राहू द्या, आवाजही माझाच.

तो घाबरलाच. "ताई, आता आमचं काय चुकलं?"

"काही नाही," म्हटलं. "या वेळी तुमचं काही नाही."