बाबांच्या पायाखालची मात्रा

मोंतेविदेओ, २ फेब्रुवारी

प्रिय दार्दो,

'प्रिय' लिहिलं, कारण आईनं पत्राची रीत तशी शिकवली. माझ्या मनात दुसराच शब्द होता. तो तू बोटीतून उतरलास की तोंडावर सांगेन.

तुझी तबकडी पोचली. आपल्या ढोलपथकाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला क्लबात सगळ्यांसमोर वाजलीसुद्धा. तू आला नव्हतास. ब्वेनोस आयरेसमध्ये मोठी माणसं कामात असतात, हे आम्हाला पाठ आहे. तुझी चिठ्ठी मात्र सेक्रेटरीनं खणखणीत आवाजात वाचली. चाळीस वर्षांपूर्वीच्या टेपमधली लय तुझ्या संगणकानं आपोआप शोधली म्हणे, प्रत्येक मात्रेवर खूण केली म्हणे. आणि 'वडिलांच्या चिको ढोलाची थाप दर वेळी खुणेच्या मागे पडत होती, ती मी जागेवर आणली आहे.' बाबा पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आपल्या मुलाचं कौतुक ऐकायला!

मग तबकडी लागली. नेलिदामावशी सवयीनं उठली, पंखा उघडला, दोन पावलं नाचली आणि अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. पन्नास वर्षं या ढोलांपुढे नाचलेली बाई ती. बाबांकडे बोट करून म्हणाली, "अगं बाई, माझे गुडघे गेले की तुमचा एल्विओ गेला?" लोक हसले. बाबा हसले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत बसले.

मला वाटलं, यंत्रच खुळं असणार. म्हणून तू आधी पाठवलेला तो तुकडा फोनवर लावला, मूळ टेपचा, ज्यात खुणेच्या जागी टकटक वाजते. पीठ मळता मळता ऐकत होते आणि माझे पाय आपोआप चालायला लागले. प्रत्येक टकटकीला एक पाऊल, बाबांचं पडतं तिथेच. माईक वर ढोलांपाशी टांगलेला, पावलांचा आवाज टेपमध्ये नाहीच. तरी त्या यंत्रानं बाबांचा पाय बरोबर शोधला. शाबास त्याची! गाढव तू आहेस.

अरे, चिकोवाला मात्रेवर वाजवतो कधी? ती जागा रिकामी सोडायची, तिथे पाऊल टाकायचं, आणि मग तीन थापा. आपल्या गल्लीत बोलता न येणाऱ्या पोरालाही हे कळतं. तुला खूण दिसली, तिथे थाप दिसली नाही, आणि तू ठरवलंस की म्हातारा मागे पडतो. एकेक थाप उचलून खुणेवर नेऊन ठेवलीस. बाबांनी जन्मभर मोकळी राखलेली जागा तू बुजवून टाकलीस, आणि वर 'दुरुस्त केली' म्हणून सही केलीस. उंटावरचा शहाणा!

तू पाच वर्षांचा होतास तेव्हा बाबांचा पट्टा धरून मिरवणुकीत चालायचास. मी मागे, तुझी चप्पल हातात घेऊन. पाऊल चुकलं की बाबा वाजवता वाजवता ओरडायचे, "थाप माझी, पाय तुझा! टाक पाय!" तू टाकायचास. त्या वयात तुला जे येत होतं ते एवढ्या पदव्या घेऊन येईना. मला तुझा राग येतो दार्दो. इतका की तुझा फोटो मी कपाटात ठेवलाय.

थोडी चूक माझीही आहे. गेल्या हिवाळ्यापासून बाबांचा हात थरथरतो, हे मीच तुला कळवलं होतं. म्हणून तुला मागे पडणं खरं वाटलं असेल. पण टेप चाळीस वर्षांपूर्वीची! तेव्हा त्यांचा हात थरथरत नव्हता. तेवढा तरी विचार करायचास.

त्या दिवसापासून चिको खुंटीवर आहे. काल कोपऱ्यावर पोरांनी ढोल तापवायला खोकी पेटवली, धूर घरात आला, पण बाबा खुर्चीतून उठले नाहीत. पुढच्या गुरुवारी मिरवणूक आहे आणि त्यांनी आपली जागा दुसऱ्याला द्यायला सांगितलंय. मी त्यांना सगळं समजावलं. रिकामी जागा, पाऊल, टकटक, सगळं. म्हणाले, "तू माझी मुलगी, माझ्याच बाजूनं बोलणार. तो शिकलाय."

हे पत्र मी आपणहून लिहिलं नसतं. आज सकाळी बाबांनी स्वतः मातेचा कडू चहा भरून माझ्यापुढे ठेवला, कागद दिला आणि म्हणाले, "दार्दोला लिही. म्हणावं, मी तुला लहानपणी चुकीचं शिकवलं. मला माहीत नव्हतं. माफ कर." त्यांचा निरोप पोचवला. आता माझा ऐक. बोटीला अडीच तास लागतात. गुरुवारी ये, यंत्र तिकडेच ठेव. खुंटीवरचा चिको काढून त्यांच्या गळ्यात घाल, त्यांचा पट्टा धर, आणि ते जिथे काहीच वाजवणार नाहीत तिथे, सगळ्या गल्लीसमोर, पाय टाक.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
सुल्माताई