आमच्या परसातलं राणीचं कुंड

येर्रकोट, शुक्रवार

प्रिय वनजक्का,

येत्या सोमवारी आपलं घर पाडणार आहेत. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी तुला सगळा किल्ला फिरवून आणीन आणि मग मुद्द्यावर येईन. सत्तावीस वर्षं पाहुण्यांना बुरूज, कोठार आणि दरी दाखवून ही खोड लागली आहे. आपली सगळी गल्ली जाणार, पण पहिलं घर आपलं, आणि ते माझ्यामुळे जाणार.

आपल्या परसातलं पेव तुला आठवत असेल. आजोबांनी पडक्या तटाचे दगड आणून बांधलेलं, आत उतरायला सात पायऱ्या. एका दगडावर हत्ती कोरलेला, तोही उलटा बसवलेला. तू त्यात लपायचीस आणि केसांत राळ्याचा कोंडा घेऊन वर यायचीस. अम्मा म्हणायची, "ही माझी मुलगी की घूस?" आपण पाट्या भरभरून राळे त्यात ओतले आहेत. ते पेव होतं, याला तू आणि मी साक्षीदार आहोत. आपले वडील, नायना, असते तर तिसरे.

मी गाइड झालो, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. देवळाची डागडुजी चालू होती, मशिदीलाही कुलूप होतं. बंगळूरहून आलेल्या मंडळींना मी दोन तास नुसते तट दाखवत हिंडवलं. छत्रीवाल्या एक बाई शेवटी वैतागल्या, "भिंतीच दाखवणार आहेस का रे? बघण्यासारखं काही आहे की नाही तुमच्याकडे?" मी त्यांना सावलीला म्हणून आपल्या परसात आणलं. अम्मानं ताक दिलं. बाईंनी पायऱ्या पाहून विचारलं, "आणि हे काय?" पेव म्हणालो असतो तर ताक संपवून उठल्या असत्या. मी म्हणालो, "राणी वेंगमांबेचं स्नानकुंड." नाव शेजारच्या शेळ्यावाल्या वेंगम्माचं, कारण त्या क्षणी तीच कुंपणापलीकडे दिसली. ती तिथूनच ओरडली, "राणीसाहेबांना एक विडी तरी पाठव रे!" पाहुण्यांना तिची भाषा कळली नाही. ते फोटो काढत होते.

पुढचं आपोआप होत गेलं. आम्हा गाइड लोकांचा एक रिवाज आहे. पाहुण्यांसमोर एकानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्यानं खोडायची नाही. जमलं तर तीत भर घालायची. सुब्बन्नानं राणीसाठी गुलाबपाणी आणलं, त्याच्या मेहुण्यानं कुंडातून राजवाड्यापर्यंत भुयार काढलं. उलट्या हत्तीचासुद्धा कुणीतरी अर्थ लावला. सगळ्यांचे पाहुणे आपल्या परसात येऊ लागले, अम्मा त्यांना शेंगदाण्याचे लाडू विकू लागली. चार वर्षांपूर्वी पुरातत्त्व कार्यालयानं दगडी फलक लावला आणि त्यावर माझं वाक्य जसंच्या तसं कोरलं. त्या दिवशी मी पेढे वाटले, अक्का.

यंदा मोजणी आली. कुंडाचं आवार मोकळं करायचं, भोवती हिरवळ लावायची. कडुनिंबाखाली टेबल मांडून कार्यालयाच्या साहेबांनी हरकती मागवल्या. मी उभा राहिलो आणि सगळ्या गावादेखत म्हणालो, "साहेब, हे पेव आहे. राणी मी बनवली." साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ओबुलेसु, गेल्या वर्षी माझ्या बायकोला तूच हे दाखवलंस. राणी कुठल्या पायरीवर टाचा घासायची तेसुद्धा. आता घर जायची वेळ आली तेव्हा पेव झालं होय?" लोक हसले. मलाही हसू आलं असतं. साहेबांनी सुब्बन्नाला विचारलं. तो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "आम्ही एकमेकांची गोष्ट खोडत नाही, साहेब." माझ्या घरावर नांगर फिरत असतानाही त्यानं रिवाज पाळला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणून त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

उरली अम्मा. साहेबांनी तिला खुर्ची दिली, आदरानं विचारलं, "अम्मा, तुम्ही ह्यात धान्य साठवत होता का?" ती बसली नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे. मग म्हणाली, "माझ्या मुलानं सत्तावीस वर्षं जगाला खोटं सांगितलं, असं लिहून घ्यायला बसलायत का? राणीचंच कुंड आहे. लिहा." आणि पदर सावरून घरी गेली. मी मागोमाग गेलो, तर ती नाचणीची संगटी घोटत होती. मी ओरडलो, वाटेल ते बोललो. तिनं चुलीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "चारचौघांत तुला खोटारडा ठरवून मग मी कुठल्या घरात राहणार होते रे?"

ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना खाली माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. आपल्याकडेही कागद होते, पण राणीच्या आवारातलं घर म्हणजे अतिक्रमण, असा निकाल लागला. आजोबांनी राणीच्या न्हाणीघरात संसार थाटला म्हणे! मी वरपर्यंत अर्ज केले. प्रत्येक अर्जाला उत्तर म्हणून त्या फलकाचा फोटो येतो. आता अर्ज करायचं थांबवलं आहे. मी सुब्बन्नाच्या चहाच्या टपरीत झोपेन. काम मात्र चालू राहील. कुंडाची माहिती सर्वांत जास्त मलाच असल्यामुळे कार्यालयानं तिथं माझीच नेमणूक केली आहे. मंगळवारपासून घराच्या मोकळ्या जागेत उभा राहून मी राणीच्या टाचांबद्दल सांगेन. दुसरं काही मला येत नाही.

अम्मा मात्र हलायला तयार नव्हती. "माझ्यावरच पाडा," म्हणायची, आणि ती तसं करेल हे तू जाणतेस. म्हणून काल मी आणखी एक गोष्ट बनवली. तिला सांगितलं, तुझं पत्र आलं आहे. चौदा वर्षांपूर्वी तू स्वतःच्या मनानं लग्न केलंस त्याची माफी मागून तू तिला अनंतपूरला राहायला बोलावलं आहेस. तिनं दोनदा विचारलं, "तिनं बोलावलं? तिनं स्वतः?" मग उठून पेटीतली धुतलेली साडी काढली. अक्का, माफी मागण्यासारखं तू काही केलं नव्हतंस. अम्मानं तुला दार लावलं तेव्हा मी आतच बसून होतो. तुझ्या नवऱ्याच्या, बावांच्या, दोन खोल्यांत आणखी एक माणूस मावणार नाही, हेही मला कळतं. ते नाही म्हणाले तर पुढं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि मावलं तरी तिला तिथं करमेल, असं मी तुला खोटं सांगणार नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती दिलं आहे. तुझ्या पत्राचं हे उत्तर, असं ती समजते. आत्ता ती तुझ्या उंबऱ्याबाहेर गाठोडं धरून उभी असेल आणि तू वाचत असताना तुझा चेहरा बघत असेल. तिच्यासमोर रडू नकोस. एवढंच म्हण, की मीच बोलावलं होतं.

तुझाच,
ओबुलेसु