स्क्रीनखालचं बटण

३ जानेवारी
पोचलो बाई एकदाचे! आत्यानं वरच्या दोन खोल्या माझ्या आणि चिमीच्या हवाली केल्या. चिमी माझी लेक, सात वर्षांची. तिनं आल्या आल्या खिडकीवर हक्क सांगितला. आत्याची एकच अट: तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घराण्याची वंशावळ भिंतीवर लागली पाहिजे. त्यासाठी लॅपटॉप मी निवडायचा. अशा अटी रोज घाल म्हटलं!

५ जानेवारी
दुकानात तासभर घोळ घातला. दुकानदार म्हणाला, वंशावळीच्या प्रोग्रॅमला मोठा स्क्रीन लागतो, या लहानग्यावर खालचा भाग कापला जाईल, शिवाय हा चालतोही सावकाश. मी कसली ऐकतेय! जुनी कागदपत्रं शोधत मला हिंडायचंय, धोंडा कोण वागवणार? पर्समध्ये मावेल असाच घेतला. चिमी म्हणते, हा तर माझ्या डब्याएवढा.

९ जानेवारी
दुकानदाराच्या मोठ्या स्क्रीनवर बसून चार पिढ्या भरल्या. पण प्रोग्रॅम भलताच शिष्ट. छापताना जिवंत माणसांची नावं लपवतो, चौकटीत नुसतं ‘हयात’. आत्या भडकली. तिच्याच वाढदिवसाला तिचंच नाव नाही म्हणजे काय!

१० जानेवारी
युक्ती सापडली. दुकानात लॅपटॉपला परत मोठा स्क्रीन जोडला आणि सगळ्यांपुढे ‘मयत’ अशी खूण केली. उरलोयच आम्ही चौघं: आत्या, तिचा मुलगा म्हणजे आमचा दादा, मी आणि चिमी. तक्ता झकास छापला. खुणा लगेच काढायच्या होत्या, पण दुकानदाराला गावाला जायचं होतं, कुलूप हातात घेऊनच उभा. म्हटलं, घरी काढू, दोन मिनिटांचं काम.

१२ जानेवारी
आत्या तक्त्यापुढं उभी राहून कौतुकानं नावं वाचत होती. स्वतःच्या नावापाशी आली आणि खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत गेली. चार वाजून दहा मिनिटं.

१४ जानेवारी
आत्याची तारीख भरायला गेले. भरलेली आहे, वेळेसकट. मी भरली नाही. दादा म्हणतो, दुःखात विसरली असशील. असेन. पण दादाच्या चौकटीतही तारीख आहे. उद्याची, सकाळी अकरा.
खुणा काढायला घेतल्या तर ‘जतन करा’ हे बटणच दिसत नाही. स्क्रीनखाली कापलं गेलंय. एंटर दाबून पाहिलं, काही होत नाही. बंद केलं की खुणा परत जागच्या जागी.

१५ जानेवारी
दादाला दाराबाहेर पडू दिलं नाही. तो हसला, वेडाबाई म्हणाला. खुर्चीत बसल्या बसल्या – अकरा. देवा, माझ्याच हातानं.

१६ जानेवारी
माझ्या चौकटीत तारीख आलीय. उद्या दुपारी बारा. चिमीच्याही – तीच. बाराच.
घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडावा तर तार जुळत नाही. दुकान बंद. शेजारीण म्हणते, दुकानदार उद्या येणार –

१७ जानेवारी
साडेअकरा. दुकानाच्या पायरीवर. स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहितेय. चिमी विचारते, आई, रडतेस का –
पावणेबारा. आला. कुलूप अडकलंय मेलं.
सहा मिनिटं उरली. स्क्रीन लागला. बटण दिसतंय! एका वेळी एकच माणूस जतन होतो. आधी चिमी. चिमीच. गोल नुसतं फिरतंय – कसला चिमुकला घेतला मी –
झालं! ‘हयात’. बाई गं, माझी चिमी हयात.
एक मिनिट उरलं. आता माझी. खूण काढली. बटण दाबलं. फिरतंय. फिर–