खाली उतरणारा वणवा

२ फेब्रुवारी
कराडहून मेढ्यापर्यंत एसटी, पुढे जीप. गाव मोठं गोड आहे. मी शिकवणार ती शाळा सगळ्यांत वर, डोंगराला अगदी टेकून. खिडकीतून हात काढला की वाळलेलं गवत लागतं. खोली लालासाहेबांकडे, निवृत्त सुभेदार. त्यांच्या पत्नी विजयमालाकाकूंनी मी जीपमधून उतरताच गरम भाकरी वाढली. ‘नौशीन’ तोंडात बसेना, म्हणून मला ‘नवशीबाई’ करून टाकलं. इथे रमणार मी!

१४ फेब्रुवारी
होळीच्या आधी हे लोक डोंगर पेटवतात! जाळलं की गवत जोमानं फुटतं म्हणे. काडी खालून, शाळेच्या भिंतीमागूनच ओढायची. आग वर चढते, घरं सुरक्षित. मी पारावर उभी राहिले. म्हटलं, मुळं मरतात, माती वाहून जाते, झरे आटतात. त्या सशांनी, घोरपडींनी तुमचं काय वाकडं केलं? लालासाहेब मिशीत हसले. “कराडच्या मॅडमनी डोंगर फोटूतच बघितलाय. आवं, आग कवा खाली येती व्हय?” सगळा पार हसला.

२६ फेब्रुवारी
भांडी घासता घासता काकू बोलून गेल्या. गेल्या वर्षी काडी पडली तेव्हा म्हातारी अंबूबाई शेळ्या घेऊन वरच होती. सगळ्यांना ठाऊक होतं. पण वारा चांगला होता, म्हणून कुणी थांबलं नाही. तिनं हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. ऊन लागून गेली, असं सांगून मोकळे झाले.
ऊन! जिवंत जाळलेल्या बाईला ऊन लागलं!

५ मार्च
शाळेच्या पायरीवर राखेची पावलं. अनवाणी, लहान. शेजारी शेळ्यांचे खूर. डोंगर अजून पेटलेला नाही. मग राख कुठली?

८ मार्च
भर दुपारी वरून हाक. पाढे म्हणणाऱ्या मुलांनी कान झाकले. संध्याकाळी काकू म्हणाल्या, ओ देऊ नगा. ओ दिली की ती घेऊन जाते.

१० मार्च
ओढलीच काडी. मी आडवी झाले, तर हाताला धरून बाजूला केलं. आग माथ्यावर गेली. खाली शिट्ट्या, टाळ्या.
मग ती माथ्यावर थांबली. वळली.
जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून खाली येते आहे. तिथे जळायला काही उरलेलं नाही. वाराही उलटा. धावत नाही — चालते. म्हातारीच्या चालीनं.

मुलं ओढ्यापार पोचवली. कुणी राहिलं का बघायला शाळेत परत आले, तर टेबलाखाली लालासाहेब. सुभेदार! बाहेर पडायची वाट आता —

दार तापलंय. पायरीवर खूर वाजतायत. ती कुणाचं नाव घेत नाही. एवढंच — “कोन हाय का रं?”
गेल्या वर्षीही एवढंच विचारलं असेल.
लालासाहेब माझे पाय धरतायत. ओ देऊ नगा, मॅडम, ओ देऊ नगा —
एक शब्द मागत होती ती. सगळ्या गावाकडून एक. तोही तुम्ही —
मी देणार.
अंबूबाई, ओ! आम्ही इथं आहो—