उत्तरेच्या फाट्याची मापं

३ जानेवारी
कप्तान मापांच्या वह्या देऊन गेला. चौदा. सगळ्या चिखलानं माखलेल्या. "गुहेचा नकाशा पुरा करायचाय. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" दारातच उभा राहिला, बसला नाही. गुहा मोजणाऱ्या आमच्या गटाचा प्रमुख तो. ऑगस्टमध्ये गुहेत पाणी घुसलं तेव्हा सगळ्यात शेवटी बाहेर आला.
त्याच्या मागे दादा होता. तो आलाच नाही.

४ जानेवारी
वह्यांना हात लावला नाही.

७ जानेवारी
सुरुवात केली. ब्रशनं चिखल झाडायचा, पान सोडवायचं, एकेक ओळ संगणकात घालायची — या खुणेपासून त्या खुणेपर्यंत अंतर, दिशा, चढ की उतार. दादाचं अक्षर! सात असा काढतो की एक वाटावा. समासात त्याची बडबड: 'इथे डोकं आपटलं.' 'पुन्हा आपटलं.' 'या खडकाचं माझ्याशी काय वाकडं आहे?'
खुदकन हसले. मग तासभर काही सुचेना.

१२ जानेवारी
वहिनी आली होती. "त्याच्या ऑफिसात म्हणतात, ते गेले असं लिहून द्या. देह मिळाला नाही, मी कशावर सही करू गं?" मग म्हणाली, "त्याचे बूट शिवायला टाकले होते. दुकानदाराचा फोन आला. घेऊन आले."


१९ जानेवारी
नववी वही. उत्तरेचा फाटा. इतका अरुंद की त्यात फक्त दादाच शिरायचा. ही मापं मी गेल्या वर्षीच भरली होती, त्यानं पाठवलेल्या फोटोवरून, घाईघाईत.
वहीत आहे: एकतीस मीटर, अधिक अठरा अंश.
संगणकात आहे: उणे अठरा.
दहादा पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं. अधिकच आहे. म्हणजे माझ्या नकाशात जो फाटा दहा मीटर खाली बुडतो, तो खरं तर दहा मीटर वर चढतो. पाण्याच्या वर. कोरडा.
पाणी घुसलं त्या दिवशी गुहेच्या तोंडाशी नकाशा मीच धरला होता. कप्तानानं बोट ठेवलं — "हा फाटा खाली जातो. भरला असणार. इथे वेळ घालवू नका." तीन दिवस सगळे दक्षिणेला शोधत राहिले.

२० जानेवारी
कप्तानाला फोन केला. त्यानं आकडा पुन्हा वाचायला लावला. मग, "तो तिथेच गेला असेल कशावरून? दुरुस्त कर आणि विसर. वहिनीला बोलू नकोस, उगाच तिच्या जिवाला घोर."
दुरुस्त केलं. एक चिन्ह. एक सेकंदही लागला नाही.

२१ जानेवारी
वहिनीला सांगितलं. सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबला नाही. माझं रडणं संपेपर्यंत घालत राहिली. मग म्हणाली, "पाणी उतरलंय ना आता? मग त्यांना म्हणावं, वर जाऊन बघा."
माझ्याकडे पाहिलं नाही.

२८ जानेवारी
सापडला.
वर, कोरड्यात. फाटा रुंदावतो तिथे, भिंतीला टेकून. हेल्मेट काढून शेजारी नीट ठेवलेलं. फाट्याचं अरुंद तोंड फोडून आत गेलेला कप्तान बाहेर आला आणि सरळ जमिनीवर बसला. मी खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, धरलाही नाही.
वहिनी म्हणाली, "आता करते सही."

३० जानेवारी
दादाच्या खिशातली वही आज मला दिली. पाणी आलं नऊ ऑगस्टला. शोध थांबवला अकराला, दुपारी.
आत तो मोजतच होता. तेवीस नव्या खुणा, प्रत्येक पानावर तारीख. शेवटच्या पानावर चौदा ऑगस्ट.