तीन वर्षांपुरतं रान

आई,

आज सोसायटीच्या मीटिंगला पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आले होते. कंपाउंडच्या कडेची पट्टी त्यांना तीन वर्षं हवी आहे, जुना पाइप काढून मोठा टाकायला. ‘तात्पुरतं आहे,’ म्हणाले, आणि मला बसल्या जागी थकल्यासारखं झालं. हाच शब्द आपल्या ओट्यावर, तुझ्या हातचा चहा पिताना, दुसऱ्या एका साहेबांनी याच पट्टीबद्दल उच्चारला होता. सोसायटीतल्या लोकांना मी इथली मूळची एवढंच ठाऊक आहे. त्यांच्या लेखी इथे पूर्वीपासून पेव्हर ब्लॉकच उगवत असावेत.

तेव्हा आपलं खराडी गाव नुकतंच पुणे महापालिकेत गेलं होतं आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, रान तूच करायचीस. पाण्याचा पाइप टाकायला पट्टी हवी होती. साहेबांनी नीट समजावलं. मालकी तुमचीच राहील, सरकार फक्त वापरायचा हक्क घेणार, उभ्या पिकाची भरपाई मिळेल, दरवर्षी भाडं मिळेल, काम झालं की जमीन होती तशी परत. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, “जागा घ्या, पर वरची माती मी काढून ठिवू का?” साहेब हसले. मातीचं काय करणार, म्हणाले. तू मेथीच्या शेवटच्या जुड्या मंडईला पाठवल्यास आणि दुसऱ्या दिवशी घमेली बाहेर काढलीस. अजून दिसतं मला. आपण दोघी उन्हात वाकलोय, वीतभर काळी माती खरवडतोय, घरामागे ढीग वाढतोय. माझे सगळे रविवार त्यात गेले आणि मी तुझ्यावर मनापासून चिडले होते.

ढीग नुसता पडून राहील असं मला वाटलं होतं. तू लोणी काळभोरच्या मावशीकडून तागाचं बी आणून त्यावर फेकलंस, आणि फुलं धरायच्या सुमाराला उभा ताग उपटून त्याच मातीत गाडलास. दर पावसाळ्यात हेच. माती रिकामी ठेवली की मरते, तिलाही खायला लागतं, असं भाकऱ्या थापता थापता सांगायचीस आणि मी अर्ध्या कानाने ऐकायचे. शेजारणी म्हणायच्या, ढिगाला पाणी घालते, आता आरतीही ओवाळेल. भाडं यायचं, उशिरा यायचं. त्याच्या चौकशीला तू कधी गेली नाहीस. तोवर आजूबाजूची रानं एकेक करून विकली गेली आणि त्यावर काचेची ऑफिसं उभी राहिली.

पट्टी परत मिळाली तेव्हा ओळखू येत नव्हती. मुरूम, खडी, सिमेंटची ढेकळं, आणि ट्रकांनी दाबून दाबून दगड झालेली जमीन. साहेब बदलले होते. नवे भले होते, त्यांनीच वाट सुचवली. जमीन कायमची निकामी झाली असं तुम्ही लिहून द्या, मग सरकारला ती पूर्ण किंमत देऊन घ्यावी लागेल. मला पटलं. घरी आल्यावर मी तुझ्या परोपरीने विनवण्या केल्या. आता सोड, म्हटलं, गुडघे बघ तुझे. तू तव्यावरची भाकरी उलटलीस.

“रुसलीया ती,” म्हणालीस. “मेली न्हाई.”

सगळा उन्हाळा तू खडी वेचलीस, ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागून खोल नांगरून घेतलंस आणि मग ढीग पसरलास. पहिली मेथी पिवळी, खुरटी आली. पुढच्या वर्षी हिरवी आली. त्याच्या पुढच्या वर्षी तू गेलीस.

रान मी विकलं. बिल्डरने पैसे दिले आणि वर हा फ्लॅट. त्याचं मला फार वाईट वाटतं असं नाही. खडी वेचणाऱ्यांतली मी नव्हतेच. पण आज भाड्यावरून भांडणं चालली होती, कुणाचं पार्किंग जाणार, कुणाला मेंटेनन्स माफ होणार, आणि कुणीतरी म्हणालं, काकू, तुम्ही इथल्या जुन्या, तुमची काही मागणी? पट्टी देण्याआधी काढून बाजूला ठेवावं असं आमच्याकडे काहीच नव्हतं. भाड्याच्या ठरावाला मीही हात वर केला.

नंतर इंजिनिअर मला खाली घेऊन गेले. जुन्या कागदांत आपलं नाव आहे, पण जुन्या पाइपचा नकाशा सापडत नाही म्हणे. “मॅडम, तुमचंच शेत होतं ना? पाइप कुठून गेलाय, जरा दाखवता?” मी बी विंग पाहिली, ट्रान्सफॉर्मर पाहिला, मुलांची घसरगुंडी पाहिली. भराव घालून जमीन केवढी वर आली आहे. घर कुठे, ढीग कुठे, बांध कुठे वळायचा, काही जुळेना. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. शेवटी मी घसरगुंडीच्या बाजूला हात केला, अगदी ठामपणे, तू करायचीस तसा. त्यांनी लगेच तिथे चुन्याची रेघ मारली.

सोमवारी तिथे खणणार आहेत. हे पत्र जायचं कुठेच नाही, ते कपाटात राहील. पण तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. मी अंदाजाने हात केला, आई. आपलं रान कुठे होतं, ते मला आता दाखवता येत नाही.