सीपीयू शंभर टक्के

सोमवार, ९ मार्च. सकाळी ११.
हॉस्पिटलचे रिपोर्ट दाखवणारी आपली साइट ठप्प. सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्के. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे. म्हटलं, जावा भाषा माझ्या हाडीमासी मुरलीय, जेवणापर्यंत मिटवतो. सर्व्हर रीस्टार्ट केला. सीपीयू चार टक्के. तीन मिनिटांचं काम. लोक उगाच बाऊ करतात.

दुपारी ३.
पुन्हा शंभर. पुन्हा रीस्टार्ट. उपाय सापडला की तो बदलू नये.

मंगळवार, १० मार्च.
सहा रीस्टार्ट. मेमरी दुप्पट केली. शेजारच्या टेबलावरची टेस्टिंगवाली म्हणाली, दुखणं सीपीयूचं आहे, मेमरीचं नाही. खरं आहे, पण साहेब बघत होते आणि काहीतरी वाढवणं भाग होतं.
ती असंही म्हणाली की थ्रेड डंप काढा, कुठलं काम कोडच्या कुठल्या ओळीवर अडकलंय ते दिसेल. तिला समजावलं, ही पुस्तकी विद्या. पंधरा वर्षं झाली की माणसाला सर्व्हर वासावरून कळतो.
संकल्प: उद्या सातला येऊन सर्व्हरच्या नोंदींचे सगळे लॉग वाचायचे.

बुधवार, ११ मार्च.
दहाला पोचलो. लॉग फार मोठे आहेत.
मोठा सर्व्हर मागवला. सीपीयूचे चारऐवजी सोळा कोअर, म्हणजे एका वेळी सोळा कामं. चार वाजेपर्यंत टिकला, मग सोळाच्या सोळा शंभरावर. साहेबांना सांगितलं, प्रगती आहे, आधी तासाभरात पडायचा. साहेब घड्याळ बघून केबिनमध्ये गेले. पटलं असावं.
घरी बायकोकडून कळलं. सासरे दोन तास हॉस्पिटलच्या खिडकीशी उभे होते. मानेवरच्या गाठीचा तपास केलाय, त्याचा रिपोर्ट. साइट उघडेना, तिथले लोक उद्या या म्हणाले. तिने विचारलं, ही तुमचीच साइट ना? म्हटलं, मशीन हॉस्पिटलचं आहे. ती ताट वाढून आत निघून गेली.

गुरुवार, १२ मार्च.
दोष डेटाबेसचा. तशी मेल डेटाबेसवाल्या बाईंना केली. उत्तर आलं: डेटाबेस सकाळपासून रिकामा बसलाय, तुमचा सर्व्हर काही विचारतच नाही. भाषा उद्धट. मग नेटवर्कवाल्याला फोन केला. तो रजेवर. कुठेतरी पाणी मुरतंय.
सासरे आज पुन्हा हात हलवत परत आले. जेवण जात नाही म्हणे. मलाही पोळी उतरेना. डेटाबेसचा ताण.

शुक्रवार, १३ मार्च.
मी साहेबांना नेटवर्क समजावत होतो, तेवढ्यात टेस्टिंगवालीने थोड्या थोड्या वेळाने तीन थ्रेड डंप काढले. तिन्हींत तेच सोळा थ्रेड, म्हणजे सोळा कामं, त्याच एका लूपमध्ये गोल फिरत. रिपोर्ट मिळण्याचा दिवस काढणारा लूप. रविवार आला तर पुढचा दिवस बघतो. यादीतली सुट्टी आली तर पुढच्या दिवशी जायचं लिहायचंच राहिलंय, म्हणून तोच दिवस जन्मभर तपासत बसतो. चार वर्षं सुट्ट्यांची यादी रिकामी होती. सोमवारी लॅबने मशीन दुरुस्तीची पहिली सुट्टी भरली. त्या तारखेचा रिपोर्ट कुणी उघडला की एक कोअर गेला.
लूप लिहिणाऱ्याचं नाव काढलं. माझं निघालं. तेव्हा माझं लॉगिन दोघं वापरायचे. एक मी. दुसरा आठवत नाही.
एक ओळ वाढवली. तिने. सीपीयू तीन टक्के.

शनिवार, १४ मार्च. सकाळी ९.
सासऱ्यांचा फोन. रिपोर्ट पहिल्या झटक्यात उघडला. गाठ साधी आहे. त्यांनी तो मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. मी म्हटलं, त्यात काय, आमचं कामच ते. ते म्हणाले, हो, तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा, लेकीने सगळं सांगितलंय.
बायकोला विचारलं. म्हणाली, काल तुम्हीच तर सांगितलंत. मला वाटतं, मी वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.
निरोप सोमवारी द्यायचा. ती जागेवर नसताना चिठ्ठी ठेवली तरी चालेल.